शनिवारचं बाहेरचं

"खरं सांगा, तुमच्यातलं कोण कोण खातं ते?"

डब्याचं झाकण दाबता दाबता वसुधाने विचारलं आणि गराजमध्ये डबे न्यायला आलेल्या तिघांपैकी दोघांनी एकदम आपापल्या चपलांकडे पाहिलं.

परीक्षित पुण्याचा, बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हे. पण तोही घसा खाकरून म्हणाला, "ते म्हणजे काय, काकू?"

"ते म्हणजे ते. स्टेक."

"छे! काहीतरीच काय काकू. आम्ही आपलं फार फार तर चिकन."

"तेही गुरुवार सोडून," सिद्धेशने भर घातली.

"मी खाते," निधी म्हणाली. नागपूरची निधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून डब्यातलं वांगं बोटाने चाखत होती. "आणि हे दोघंही खातात. मागच्या शुक्रवारी या परीक्षितने स्वतःचा संपवला, वरून माझ्यातला अर्धा उचलला."

"यार निधी!"

"काय यार? काकूंशी खोटं बोलतोस, अन् त्यांच्याच हातचं जेवतोस. काहून हो काकू, आज काय विशेष?"

वसुधाने ओट्यावरचा तेलाचा ओघळ पुसला. पुसून झालेलाच ओघळ पुन्हा पुसला.

"माझा वीर यायचाय," ती म्हणाली. "गुरुवारी. त्याला चांगल्या ठिकाणी न्यायचंय. आणि मला काही माहीत नाही."

परीक्षितच्या तोंडून "तुम्ही? तिथे?" निघता निघता राहिलं. निधीने त्याला कोपराने ढोसलं होतं.

*

डॅलसजवळच्या प्लेनोत वसुधाला सव्वीस वर्षं झाली होती. जगन्नाथ आर्लिंग्टनला शिकायला आला, रिचर्डसनच्या टेलिफोनच्या कंपनीत चिकटला आणि मिरजेहून तिला लग्न करून घेऊन आला. विमानतळावरून घरी येतानाच त्याने गाडीत सांगून टाकलं होतं, "हे बघ, एक गोष्ट आहे. मी इथे सगळं खायला लागलोय. सगळं म्हणजे, सगळं."

बावीस वर्षांची वसुधा खिडकीबाहेर बघत राहिली होती. बाहेर नुसतं सपाट गवत आणि मैलोन्‌मैल आभाळ. मग ती म्हणाली, "खायचं तर बाहेर खा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

एवढंच. ना रडारड, ना शपथा. मिरजेला तिच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा, त्या मानाने तिने केवढी तरी सूट दिली होती, असं तिला तेव्हा वाटलं. जगन्नाथनेही ती मान्य केली, मान्य करून आयुष्यभर पाळली. गाईच्या त्या मांसाला घरात नाव नव्हतं. 'बाहेरचं' म्हणायचं. दर शनिवारी दुपारी तो बाहेरचं खायला जायचा. वीर सहा वर्षांचा झाल्यावर दोघं जायचे. परत आले की गराजच्या दारानेच यायचे, अंगावरचे धुराच्या वासाचे कपडे तिथल्याच मशीनमध्ये टाकायचे, नहाणीत जाऊन डोक्यावरून आंघोळ करायचे आणि मग बाप-लेक ओले केस घेऊन स्वयंपाकघरात. तिला वाटायचं, देवळातून आल्यासारखे येतात. कुठे जातात, काय मागवतात, समोरासमोर बसतात की शेजारी शेजारी, तिने कधी विचारलं नाही. तिच्या संसारात दर आठवड्याला काही तासांचं असं एक भोक होतं आणि त्याच्या कडा तिने स्वतःच नीट शिवून घेतल्या होत्या.

जगन्नाथला जाऊन दोन वर्षं झाली. हृदयच ते, पार्किंग लॉटमध्ये थांबलं. त्यानंतर वसुधाने डबे सुरू केले. घरात कढया वाजत्या राहाव्यात, एवढंच तेव्हा मनात होतं. वीर तिकडे रेडमंडला, मोठ्या कंपनीत. दर रविवारी फोन यायचा. "हाय आई. ऑल गुड? मीही गुड." मग पाऊस. त्याच्याकडचा पाऊस, तिच्याकडे नसलेला पाऊस.

मागच्या ख्रिसमसला तो चार दिवस आला होता. तिने त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं; पुरणपोळीसुद्धा. तो "यम्मी" म्हणत जेवला. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती समोरच्या खोलीचा पडदा सारायला गेली, तर ड्राइव्हवेमध्ये त्याची भाड्याची गाडी उभी. आत दिवा लावलेला. वीर स्टिअरिंगवर कागद पसरून बर्गर खात होता. पुढे वाकून, घाईघाईने, कुणी पाहील अशा धास्तीने. घरापासून दहा पावलांवर. चोवीस वर्षांचा, सहा फुटी मुलगा.

तिने पडदा सोडून दिला. तो आत आला तेव्हा त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता आणि केस ओले होते. गराजच्या नळाखाली त्याने डोकं भिजवलं होतं.

त्या दिवसापासून वसुधाच्या मनाने एकच धरलं होतं. एकदा, एकदा तरी याच्यासमोर बसायचं. त्याचं ते ताट त्याच्यासमोर, माझं माझ्यासमोर. टेबल एक.

म्हणून गेल्या रविवारी तो फोनवर म्हणाला, "आई, पुढच्या थर्सडेला मी डॅलसमध्ये आहे, ऑफिसचं काम. डिनर करू या, ओके? प्लेस तू पिक कर. इंडियन चालेल. तू जिथे कम्फर्टेबल असशील तिथे." तेव्हा ती पटकन म्हणून गेली, "इंडियन नको. स्टेक खाऊ."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"आई," वीर हळूच म्हणाला, "आर यू ओके? डॉक्टरकडे गेली होतीस का?"

*

निधीने कॉम्प्युटरवरून रस्त्यांचे कागद छापून आणले. शनिवारी दुपारी ती आपली जुनी होंडा घेऊन दारात हजर. वसुधा गाडी चालवायची, पण मंदिर, भाजी आणि बँक एवढीच. हायवेवर चढायचं म्हटलं की तिचे तळवे घामेजायचे. डाउनटाउनकडे ती कित्येक वर्षांत गेली नव्हती.

"काकू, प्लॅन सांगते. आधी भारीतलं बघू. तुम्ही साडी नेसल्या ते बरं केलं, तिथे अशीच नटून लोकं येतात."

भारीतलं ठिकाण म्हणजे भरदुपारी अंधार. भिंतींना लाकूड, टेबलावर मेणबत्ती, पाणी ओतायला एक माणूस आणि ओतलेलं बघायला दुसरा. वसुधा खुर्चीच्या कडेवर बसली. मेन्यूत तिच्यासाठी एक सॅलड होतं आणि एक बटाटा. चालेल, ती मनाशी म्हणाली, बटाट्यावर उपास काढलेत की. तेवढ्यात वेटर ट्रे घेऊन आला. ट्रेवर पारदर्शक कागदात गुंडाळलेले लालभडक तुकडे. पैठण्या दाखवाव्यात तसा तो एकेक उचलून दाखवायला लागला. हा कुठला, तो कुठला, याचा पदर कसा, त्याचा पोत कसा.

वसुधा उठली. वेटरला "थँक्यू" म्हणाली आणि सरळ बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली.

गाडीत बसल्यावर निधीने आधी ओठ चावून हसू आवरलं. मग आवरेना. "काकू, त्याचा चेहरा पाहिला का तुम्ही? त्याला वाटलं, क्वालिटी आवडली नाही."

वसुधालाही हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मग पाणीच राहिलं. निधीने गाडी सुरू न करता नुसता एसी सुरू केला.

"नाही जमायचं मला," वसुधा म्हणाली.

"जमते नं काकू. कच्चं पाहून मलाही मळमळते. शिजलेलं पाहू. अजून एक जागा आहे, माझ्या ऑफिसातल्या बाईने सांगितली. ती इथलीच आहे, तीन पिढ्यांची. साधी आहे म्हणे जागा."

नदीवरचा पूल ओलांडला तसा शहराचा चकचकाट मागे राहिला. टायरची दुकानं, चर्च, पुन्हा टायरची दुकानं. आणि एका बसक्या इमारतीवर नुसतं 'स्टेक्स' लिहिलेली लाल दिव्यांची पाटी. आत कागदी चटया पसरलेली टेबलं, हॅट घातलेले म्हातारे, ठेवणीतल्या कपड्यांतल्या दोन काळ्या आजीबाई. वेट्रेस साठीची, केसांत पेन खोचलेली. "बस हनी, कुठेही बस," असं म्हणून तिने वसुधाच्या खांद्यावर हात ठेवला. वसुधाच्या खांद्यावर कुणी हात ठेवून खूप दिवस झाले होते.

मेन्यूच्या मागच्या बाजूला भाज्यांचं ताट होतं. कुठल्याही चार निवडा. वसुधाने चष्मा लावला आणि वाचता वाचता ती ताठ झाली.

"निधी, ही चवळी आहे! आणि ही भेंडी. तळलेली. मक्याची भाकरी? अगं, ही माणसं भाकरी खातात?"

"ही सदर्न लोकं आहेत काकू. गावठी. आपल्यासारखी."

चवळी आली. लहानशा वाडग्यात, दाट, वाफाळती. वसुधाने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "गूळ नाही घातलाय, आमसूल नाही. पण हात आहे हं कुणाचा तरी. आणि कसली एक खमंग धुरकट चव आहे गं, तीच कळत नाही." वाडग्याच्या तळाशी करपलेल्या कांद्यासारखं काही लागलं, ते तिने कडेला काढून ठेवलं. भाकरी मोडून बुडवून खाल्ली. आणखी एक वाडगा मागवला. एवढ्यात निधीचं ताट आलं.

वसुधाने नजर निधीच्या कपाळावर खिळवली. मग नाकावर आणली. मग सुरी धरलेल्या बोटांवर. शेवटी ताटावर. तपकिरी, चौकटी उमटलेला, तुपासारखं काहीतरी वितळत असलेला एक तुकडा. बस. एवढंच होतं ते.

"काकू, तुम्ही माझ्याकडे असं नका पाहू, मला घास जाईना."

"तू जेव गं. मी तालीम करतेय."

परतताना वसुधा सबंध हायवेभर बोलत होती. वीरला कुठल्या टेबलाशी बसवायचं, खिडकीच्या की कोपऱ्यातल्या. त्याला आधी भेंडी मागवायची का. जागा सापडली होती. दोघांना पुरेल अशी जागा.

*

गुरुवारी वीर थेट ऑफिसच्या कपड्यांतच आला. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तीच वेट्रेस होती. दोघांसमोर बर्फ घातलेला चहा आला, ग्लासच्या कडेला लिंबाची फोड.

"वॉव," वीर इकडेतिकडे बघत म्हणाला. "आई, ही प्लेस तुला कोणी सांगितली?"

"सापडली," वसुधा म्हणाली. तिने हातरुमाल मांडीवर पसरला, उचलला, पुन्हा पसरला. "तू माग. स्टेक माग."

"नाह, आय ॲम गुड. मीही तुझ्यासारखं व्हेजी प्लेट घेतो."

"का?"

"इट्स फाइन, आई."

"का पण?"

वीरने मेन्यू मिटला. तो खालच्या आवाजात, लहानपणी मार चुकवताना बोलायचा तसा बोलला, "बाबांनी सांगितलंय. आईसमोर नाही. नेव्हर. शी लेट अस, सो वी रिस्पेक्ट इट."

इतकी वर्षं दोघांनी मिळून तिचा मान राखला होता. त्या मानाच्या पलीकडे दोघं होते आणि अलीकडे ती एकटी.

वेट्रेस वही घेऊन उभी राहिली. वसुधा मागच्या वेळेसारखंच चवळी, भेंडी, असं सांगायला लागली. तेव्हा वीर सवयीने मध्ये पडला. शाळेच्या सहलीपासून विमानातल्या जेवणापर्यंत तो आईसाठी हा प्रश्न विचारत आला होता. चवळीत मांस नाही ना? माझी आई व्हेजिटेरियन आहे.

"हनी," वेट्रेस मनापासून हळहळली, "चवळी सबंध सकाळ डुकराच्या हाडाबरोबर शिजते. त्याशिवाय तिला चव कुठली? पालेभाजीत पण आहे. तुझ्यासाठी बटाटा आणते मी, साधा, लोणी घालून."

वसुधाचा चेहरा पांढरा पडला. करपलेला कांदा. ती खमंग, धुरकट चव. दुसरा वाडगा.

"ओके, चल," वीर खुर्ची सरकवून उठलासुद्धा. "सॉरी आई. रिचर्डसनला डोसा प्लेस आहे, अजून उघडी असेल. तिथे जाऊ. इट्स ओके, रिअली."

त्याच्या त्या 'रिअली'मध्ये सुटका होती. ती वसुधाने ऐकली. आता हा डोसा खाईल, तिला प्लेनोला सोडेल, हॉटेलवर जाता जाता कुठेतरी गाडी थांबवेल आणि आतला दिवा लावेल.

"बस," ती म्हणाली.

"आई, यू कान्ट ईट एनीथिंग..."

"बस म्हणते ना. खाऊन झालंय माझं."

"व्हॉट?"

"गेल्या शनिवारी. वाडगाभर." ती थांबली. "दोन वाडगे. दुसरा मागून घेतला मी. वर पुन्हा म्हटलं, काय हात आहे!"

वीर उभाच राहिला. मग त्याच्या गालाला एका बाजूने खळी पडली, मग दुसऱ्या बाजूने, आणि तो खुर्चीत कोसळून हसायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. घरी गेल्यावर आंघोळ करावी लागेल, देवापुढे हात जोडावे लागतील, ते तिचं ती बघून घेणार होती. पण दोन वर्षांत हा मुलगा तिच्यासमोर असा हसला नव्हता.

हसणं ओसरायच्या आत तिने वेट्रेसला खूण केली. निधीने शिकवलेले स्टेकचे शब्द मनात जुळवले आणि परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली, "वन रिबाय. मीडियम रेअर. फॉर माय सन."

वीरने तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाला नाही.

ताट आलं तेव्हा त्याने ते आधी स्वतःच्या बाजूला ओढून घेतलं, हाताच्या आड. एक तुकडा कापला. तिच्याकडे न बघता तोंडात घातला. वसुधाने बटाट्यात काटा खुपसला. मग त्याचा आड धरलेला हात हळूहळू बाजूला झाला.

"चांगलं आहे?" तिने विचारलं.

"रिअली गुड, आई."

"तुम्ही जायचा तिथल्यासारखं?"

"बेटर. ती जागा आता गाद्यांचं दुकान आहे." तो किंचित हसला. "आम्ही नेहमी दाराजवळ बसायचो."

दाराजवळ. एवढी साधी गोष्ट तिला आज कळत होती. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने तीस शनिवारी नाही, तीनशे शनिवारी नाही, कधीच विचारला नव्हता.

"बाबा कसे जेवायचे रे तिथे?"

"बाबा?" वीरने विचार केला. "फास्ट. लाइक, सुपर फास्ट. मी अर्ध्यात असायचो आणि त्यांचं डन. मग वॉच बघत बसायचे. म्हणायचे..." आणि पुढचं एवढं एकच वाक्य वीर अगदी मिरजेच्या सुरात, एकही अक्षर न अडखळता बोलला, "आटप रे बाळा, आई जेवायची थांबली असेल."

वसुधाचा काटा बटाट्यातच राहिला.

दर शनिवारी ते ओल्या केसांनी आत आले की ती सांगायची, माझं झालंय. कधी झालेलं नसायचं. घरचा माणूस जेवल्याशिवाय तिला घासच उतरत नसे. मग तो बाहेरचं का जेवत असेना. ते दोघं टीव्हीपुढे लवंडले की ती ओट्याशी उभ्यानेच ताकभात खाऊन घ्यायची. त्याला कळत नाही, असं ती धरून चालली होती.

"वेट," वीर म्हणाला. "तू थांबायचीस?"

"तू खा. गार होतंय."

"आई."

"खा रे."

तो पुन्हा कापायला लागला. भराभर. मोठे मोठे तुकडे, एक गिळायच्या आत दुसरा काट्यावर. खांदे पुढे झुकलेले, नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. आपण असं करतो, हे त्याला ठाऊकही नसावं. वसुधा बघत राहिली. एवढं जवळून ती हे पहिल्यांदाच बघत होती.

तिने टेबलावरची मिठाची बाटली उचलली. पुढे वाकून त्याच्या ताटाच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं. आपल्या ग्लासावरची लिंबाची फोड काढली आणि मिठाच्या डाव्या बाजूला ठेवली. मग थोडी मागे सरकून तिने वाढलेल्या पानाकडे एकदा पाहिलं.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली.